सातवा रकाना

उलानबाटरच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या उतारावर,
जिथे डांबर संपतं आणि लाकडी कुंपणं सुरू होतात,
तिथे आमचं केंद्र. मालगाडीचे दोन जुने कंटेनर,
मधली भिंत कापून एक केलेले.
आत बारा बाकं, एक शेगडी, एक शिलाई मशीन
आणि ही हजेरीवही. ती माझ्याकडे असते
कारण माझं अक्षर बरं, असं ओयुनगेरेलबाई सांगतात.
(खरं म्हणजे मला रागावता येत नाही.)

तेमूलेन, वय दहा. मंगळवारी गैरहजर. गुरुवारी गैरहजर.
पुन्हा मंगळवार.
मी लिहिलं: कारण नाही.
नवीन होते तेव्हा. कारण म्हणजे
कुणीतरी येऊन सांगितलेलं वाक्य, असं वाटायचं.

मग कोळसा आणायला गेले तर
पाण्याच्या टपरीपाशी तो दिसला.
उणे एकतीस. पापण्यांवर पांढरं.
हातगाडीवर दोन कॅन, पुढे सतरा माणसं.
"आई रात्रपाळीहून येऊन झोपलीय," म्हणाला,
"आणि धाकटीला कॅन उचलत नाही."
एवढंच. रडगाणं नाही.
हातमोज्याच्या भोकातून एक बोट तेवढं बाहेर.

त्या रात्री केंद्रात वाद पेटला.
तुशिग म्हणाला, पाणी आपण पोचवू.
बाई म्हणाल्या, किती दिवस? आणि कुणाकुणाचं?
तेव्हा नोमिन, वय आठ, जिला कुणी विचारलंच नव्हतं,
बोलली: मग वर्गच रांगेत भरवा ना.

तेव्हापासून मंगळवारी, गुरुवारी वर्ग रांगेत भरतो.
टपरीचा पत्रा हा फळा.
पेनातली शाई थिजते, खडूला मात्र काही होत नाही,
हे आम्हाला तिथेच कळलं.
रांग एक माणूस सरकली की एक पाढा.
म्हातारे चुका काढतात, स्वतःच्या सोडून.
ट्रकवाला लुव्सान सात आठे पाशी दरवेळी अडतो
आणि पोरं त्याला पुढे जाऊ देत नाहीत.

तेमूलेनची आई, बदमखंद,
जिची दोनशे मेंढरं एका झुदमध्ये उभ्या जागी गोठली,
जी "मदत" हा शब्द ऐकला की दार लावून घ्यायची,
एक दिवस स्वतःहून आली. मागायला नव्हे.
"पोरांच्या जाकिटांच्या चेन तुटल्यात. मला बघवत नाही."
मशीनवर बसली ती संध्याकाळी उठली.
नऊ जाकिटं.
आता शनिवारी तिच्याकडे शिकायला येतात
सहा बायका आणि तुशिग.
पैसे होतात. फार नाही, कोळशाच्या पोत्याइतके.
एखाद्या आठवड्याला पोतं, आणि वर चहापुरतं दूध.

आज शहरातून एक फॉर्म आलाय.
जाड कागद, सरळ रेघा.
रकाना सातवा: गरिबीतून बाहेर पडलेली कुटुंबं, संख्या.
मी पेन शेगडीपाशी धरून बसलेय.
बाहेर म्हणजे कुठून मोजायचं?
फाटकापासून? डांबर सुरू होतं तिथून?
तेमूलेनच्या घरी परवा तिसरा कॅन आला.
दोन पिण्याचे, स्वयंपाकाचे. तिसरा अंघोळीचा.
हा कॅन कोणत्या आकड्यात बसवू?
आणि अनुजिनचं काय करू,
जिचं घर शरदात एका रात्रीत गुंडाळलं गेलं,
नमदा, दांडे, शेगडी, सगळं ट्रकवर?
कुठे गेले ते लुव्सानलाही ठाऊक नाही.
तिचं नाव मी वहीतून खोडलेलं नाही.
रोज हाक मारते. रोज पोरं म्हणतात, नाही आली.

शाई सुटली, पण रकाना तसाच.
बाहेर नोमिन ओरडतेय, टपरी उघडली, चला,
आज सतराचा पाढा आहे, आणि तो मलाच येत नाही.
फॉर्म वहीत, वही जाकिटाच्या आत.
चेन वर ओढते.
अडकत नाही.